स्थळ क्रमांक ४१७ ला मागणी

५ जानेवारी २०२५, रविवार

नवीन वर्ष, नवीन वही. दिवसाला एक पान तरी लिहायचंच. (संकल्प पहिला.)

आज वर्तकनगरला पंचक्रोशी मंडळाच्या ऑफिसात कमिटीची मीटिंग. मंडळाच्या वधू-वर केंद्राची वेबसाइट मी सांभाळतो, विनामूल्य. वागळे इस्टेटला खोक्यांच्या कंपनीत आयटी बघतो ते पगारी. कौतुक दोन्हीकडे सारखंच, म्हणजे नाही.

अध्यक्ष देवरामकाका म्हणाले, अरे कमलेश, लोकांचे फोन येतात, स्थळ शोधलं की पान नुसतं गोल गोल फिरत बसतं. आपल्याला इथे बसून कसं कळणार, चालू आहे की बंद?

मी उभा राहिलो. सांगितलं, स्थळं ज्या सर्च डेटाबेसमध्ये आहेत तो एका डॅशबोर्डला जोडायचा. भिंतीवर टीव्ही लावायचा. डेटाबेस जिवंत आहे का, किती जण शोधतायत, कुठल्या स्थळाला मागणी आहे, सगळं लाइव्ह. काकांनी विचारलं, किती दिवस लागतील? म्हटलं, एका रविवारचं काम.

टाळ्या. दोघांच्या. तिसरा फोनवर होता.

निघताना नंदाताईंनी थांबवलं. त्या ऑफिसात बसून फॉर्म भरून घेतात. म्हणाल्या, ठाण्याची संचिता म्हणून मुलगी आहे, पस्तिशीची, तिने तुमची चौकशी केली, स्वतःहून. माझं स्थळ चार वर्षं यादीत आहे, क्रमांक ४१७. स्वतःहून चौकशी ही पहिलीच. नंबर घेतला. डॅशबोर्ड झाला की लगेच फोन. एका वेळी एकच काम.

९ जानेवारी, गुरुवार

डॅशबोर्डला अजून हात लावलेला नाही. चांगलं काम आधी डोक्यात होतं. डोक्यात जवळजवळ झालंय.

वहीची तीन पानं कोरी. ती मागाहून भरता येतील.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी १०.१०. सुरुवात. जेवायला डोंबिवलीला घरी येतो असं आईला सांगितलेलं.

१०.१५. लाल अक्षरांत सूचना, कनेक्शन नाकारलं. भाषा उद्धट.

११.३०. वायर बदलली. राउटर बंद करून चालू केला. टीव्ही बंद करून चालू केला. बिल्डिंगचं वायरिंगच जुनं आहे.

१.००. नंदाताईंनी विचारलं, पासवर्ड बरोबर आहे ना? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१.२०. पासवर्ड चुकीचा होता.

२.००. जोडलं गेलं! आता विचारतोय, तारखेचा रकाना कुठला? आमच्या डेटाबेसमध्ये तारखेचा रकाना एकच, तो दिला. पडद्यावर उत्तर आलं, गेल्या सहा तासांत डेटा नाही.

५.३०. डेटा नाही.

आई म्हणाली, संचिताला फोन केलास का? म्हटलं, काम अर्धवट असताना माणसाने वैयक्तिक गोष्टी काढू नयेत.

१९ जानेवारी, रविवार

यश! ‘गेले सहा तास’ काढून ‘गेली पन्नास वर्षं’ केलं आणि आलेख आला. डोंगरासारखा, १९९३च्या आसपास शिखर. काकांना बोलावलं. काका हरखले. म्हणाले, त्र्याण्णव साली एवढी मागणी होती आपल्या वेबसाइटला? मी सांगितलं, सिस्टिम जुना डेटासुद्धा शोधून काढते.

नंदाताई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, अहो, या तर जन्मतारखा. आपल्या यादीत गेल्या सहा तासांत कोणी जन्मलं नाही, म्हणून रिकामं दिसत होतं ते.

आज विशेष काही घडलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून थेट ऑफिस. नवी पद्धत. आता प्रत्येक शोधाची नोंद होणार. वेळ, बघितलेल्या स्थळाचा क्रमांक, बघणाऱ्याचा क्रमांक. शिवाय डेटाबेस जिवंत आहे का हे कळायला डॅशबोर्ड दर दहा सेकंदांनी एक स्थळ आपणहून मागवून बघणार, डॉक्टर नाडी बघतात तसं. कुठलं स्थळ मागवावं? पाठ असलेला क्रमांक एकच. ४१७ टाकला.

हिरवा दिवा लागला!! काकांनी टीव्हीसमोर नारळ फोडला. पाणी स्क्रीनवर उडालं. दिवा हिरवाच राहिला.

एका रविवारचंच काम होतं. रविवार तीन लागले, हा भाग वेगळा.

२ फेब्रुवारी, रविवार

‘सर्वाधिक पाहिलेली स्थळं’ या यादीत पहिला क्रमांक ४१७. म्हणजे मी.

काल दिवसभरात ८,६४० वेळा. दुसऱ्या क्रमांकाचा बँकेतला मुलगा, ९ वेळा.

‘बघणाऱ्याचा क्रमांक’ हा रकाना मात्र सगळीकडे कोरा. लाजत असाव्यात.

५ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारी ८,६४०. मंगळवारी ८,६४०. लाट असती तर ओसरली असती. हे प्रेम स्थिर आहे.

नंदाताई म्हणाल्या, आपल्याकडे मुली नोंदलेल्या सातशे बारा, बघणाऱ्या आठ हजार कशा? मी तिथेच हिशोब करून दाखवला. प्रत्येकी रोज बारा वेळा. नंदाताई म्हणाल्या, रक्तदाबाची गोळीसुद्धा कोणी इतक्या नेमाने घेत नाही हो.

आईला सांगितलं. तिने भाजी परतता परतता विचारलं, आठ हजार जणी बघतात तर एकीचाही फोन कसा नाही रे आला? तिला समजावलं, आधी बघतात, मग विचार करतात, फोन ही फार पुढची पायरी. आई म्हणाली, एक त्या पायरीवर महिनाभर उभी आहे, तिचं काय?

संचिताला फोन करायचा आहे. पण आता घाई दिसायला नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईने परस्पर फोन करून संचिताला मंडळाच्या ऑफिसात बोलावलं. मला सकाळी कळलं. निळा शर्ट इस्त्रीला होता.

संचिता अकराला आली. साधी, चष्मा, आवाज खणखणीत. एका कंपनीत आहे, तिचं कामच असले डॅशबोर्ड बघायचं. म्हणाली, तुमच्या स्थळात ‘अपेक्षा’ या रकान्यात तुम्ही लिहिलंय, ‘समोरच्याने हसावं, माझ्यावर हसलं तरी चालेल.’ ते वाचून आले. चार वर्षांपूर्वी काय लिहिलेलं ते मी विसरलोच होतो. आजच्या मागणीला ते शोभत नाही. बदलायला हवं.

मग मी तिला टीव्ही दाखवला. बघितला तिने. रेषा सरळ, पट्टीने आखल्यासारखी. म्हणाली, ही मंडळी झोपत नाहीत का? पहाटे चारलाही तेवढेच शोध? मी म्हटलं, परदेशातल्या मुली. तिकडे दिवस असतो. म्हणाली, आणि रोज बरोबर आठ हजार सहाशे चाळीस? एक कमी नाही, जास्त झाला तर एखादाच? मी म्हटलं, सातत्य.

ती हसायला लागली. वाईट नव्हती हसत. म्हणाली, तो दर दहा सेकंदांचा चेक आहे ना तुमचा, तो एकदा बंद करून बघा. हवं तर मी बसते शेजारी, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, चालू सिस्टिमला हात लावायचा नसतो.

नंदाताईंनी चहा केला. संचिताने दोन कप घेतले. जाताना म्हणाली, मला आवडलं इथे. काहीही झालं तरी मला कळवा.

पहिल्याच भेटीत सिस्टिममध्ये चुका काढते. पुढे संसारातही काढेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

‘अपेक्षा’ बदलल्या. उच्चशिक्षित, उंची पाच-पाचच्या वर, स्वतःचा फ्लॅट (वेस्टला असल्यास प्राधान्य), तांत्रिक बाबतीत समजूतदार.

वय छत्तीसच ठेवलं. भरलं तेव्हा तेवढंच होतं.

मागणीवर परिणाम शून्य. ८,६४०.

२ मार्च, रविवार

नंदाताईंना निरोप दिला, संचिताला कळवा, अपेक्षा जुळत नाहीत. नंदाताईंनी विचारलं, तुम्ही तिचं स्थळ नीट वाचलंत का? म्हटलं, भेटलो ना प्रत्यक्ष. त्यांनी फोन उचलला आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. फार वेळ लागला नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते पण आदळते.

मोठे निर्णय माणसाला एकटं पाडतात. (हे वाक्य चांगलं आहे.)

९ मार्च, रविवार

पुढच्या रविवारी वधू-वर मेळावा. काकांची कल्पना अशी की सर्वाधिक मागणीच्या स्थळाला स्वतंत्र टेबल द्यायचं, नाहीतर गर्दीत चेंगराचेंगरी होईल. मी नको नको म्हटलं. दोनदा. टेबलासमोर दोरी बांधायची सूचना मात्र माझी.

१६ मार्च, रविवार

काकांनी स्टेजवरून माझं नाव घेतलं. रोज आठ हजार सहाशे चाळीस वेळा शोधलं जाणारं आपलं स्थळ, क्रमांक ४१७! ज्या मुलींनी शोधलंय त्यांनी संकोच न करता टेबलापाशी यावं.

११.००. टेबलापाशी बसलो. दोरी नीट बांधलेली.

११.४५. संकोच.

१२.३०. एक मुलगी दोरीखालून वाकून आली. मी उभा राहिलो. तिला टेबलामागच्या सॉकेटला फोन लावायचा होता.

१.१५. तिचा फोन पूर्ण चार्ज झाला. थँक्यू काका म्हणाली.

२.००. नंदाताई जेवणाचं ताट घेऊन आल्या आणि समोर बसल्या. म्हटलं, लोक बघत असताना मी जेवत नाही. त्या म्हणाल्या, जेवा, कोणी बघत नाहीये.

मेळाव्याची जाहिरात कमी पडली. काकांना सांगायला हवं.

२३ मार्च, रविवार

सकाळी ऑफिस. काका म्हणाले, अरे, आठ हजारांतली एकही कशी आली नाही, तुझं यंत्र एकदा तपास. नंदाताई म्हणाल्या, ती मुलगी सांगून गेलेली, तो चेक बंद करा म्हणून.

यंत्रात दोष नाही हे सिद्ध करण्यासाठी बंद केला. १०.४०.

रेषा खाली आली. एकदम. टीव्हीवर ‘आजचे शोध’ शून्यावर आणले आणि तिघं बसून राहिलो. दहा मिनिटं. वीस मिनिटं. काका म्हणाले, परदेशातल्या झोपल्या वाटतं.

मग जुन्या नोंदींतून चेकच्या सगळ्या नोंदी वगळल्या. क्रमांक ४१७, २६ जानेवारीपासून आजवर, खरोखर बघितलं गेलं ते अकरा वेळा. बघणाऱ्याचा क्रमांक अकराही वेळा एकच, १२०६. नंदाताईंना विचारायची गरज नव्हती, पण विचारलं. संचिता.

शेवटची नोंद १ मार्चची, संध्याकाळची. त्यानंतर नाही.

उलट बाजूनेही बघितलं, क्रमांक १२०६ हे स्थळ मी किती वेळा उघडलं. नोंद सापडली नाही. एकही नाही.

११.२५. उघडलं. फोटो नाही, माहिती नाही, एक ओळ. ‘उमेदवाराच्या विनंतीवरून ३ मार्च रोजी हे स्थळ यादीतून काढले आहे.’

तेवढ्यात टीव्हीवर शून्याचा एक झाला. काका खुर्चीतून उठलेच. म्हणाले, आला रे, पहिला खरा माणूस आला! कोणाला शोधतोय? मी सांगितलं, बाराशे सहा, पण ते स्थळ बंद झालंय.

नंदाताई पडद्यावरचा बघणाऱ्याचा क्रमांक वाचत होत्या. वाचून झाल्यावर आत जाऊन त्यांनी चहा ठेवला.

काका म्हणाले, अरेरे. मग बिचाऱ्याला फोन लावून सांग, कमलेश. निदान वाट तरी बघत बसणार नाही.

म्हटलं, कळलंय त्याला.