नामपूरची थोरली

द्वारका, नाशिक
५ जानेवारी २०२५

प्रिय शहनाज,
स. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून लिहितेच. तुझ्या नईमने आणलेलं कानाचं मशीन डब्यातच पडलंय ना?

काल जेवताना हे एकदम म्हणाले, नामपूरला जाऊन येऊ. वृंदा गेली आणि यांनी बदली मागून घेतली, त्यानंतर त्या गावाचं नाव काढलं नव्हतं. चार महिन्यांची पोर, तापाने गेली. बायकांनी जायचं नसतं म्हणून मला घरातच बसवलं होतं. तिला कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. आता म्हणतात, गुडघे साथ देताहेत तोवर तुला जागा दाखवतो.

मला जायचंय, पण यांना तिथे काही झालं तर? तू येशील सोबत?

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नकोस.
तुझी,
इंदिरा

सिन्नर
११ जानेवारी

इंदिराताई,
सलाम आणि सा. न.

मशीन कानातच आहे, नुसतं शिट्ट्या मारतं! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नईम अंगणाबाहेर पडू देत नाही. नाहीतर तुमच्याआधी एसटीत बसले असते.

पण तुम्ही जाच. माझा भाऊ इब्राहिम नामपूरच्या स्टँडवर येईल. जेवण त्याच्याकडेच, नाही म्हणायचं नाही.

वृंदाला तेल लावून मी उन्हात घेऊन बसायचे. डावी मूठ काही केल्या उघडायची नाही. माझ्या पोरांना हे कितीदा तरी सांगितलंय. तुमच्या घरात तिचं नाव निघत नव्हतं, म्हणून तुमच्यापुढे गप्प राहिले.

भाऊजींना सांभाळा. ते रडले तर रडू द्या.

दुआ करतेय, तुमची माया राहू द्या.
शहनाज

द्वारका, नाशिक
२२ जानेवारी

प्रिय शहनाज,
स. न. वि. वि.

जाऊन आलो. इब्राहिमभाईंनी मोसम नदीच्या काठापर्यंत नेलं. यांना बांधावरचं जांभळाचं झाड आठवत होतं. तिथे आता कांद्याची चाळ उभी आहे. हे चाळीभोवती फिरले, तिच्या लाकडी पट्ट्यांना हात लावून पाहिला, मग बांधावर बसून म्हणाले, सापडत नाही गं. आणि रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी शेजारी बसून विचारलं, तिला कशात गुंडाळलं होतं? म्हणाले, कापड पातळ वाटलं, थंडी होती, म्हणून अंगातला शर्ट काढून त्यात गुंडाळली. हे त्या दिवशी बनियनवर परतले होते, एवढंच मला ठाऊक होतं. का, ते परवा कळलं. मी म्हटलं, जागा नाही सापडली तरी चालेल.

ज्यांची चाळ आहे त्या नवसाबाई पाणी घेऊन आल्या, आम्हाला सावलीत बसवलं. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, कितला पोरे शेतस तुम्हले? मी सवयीने दोन बोटं वर केली. यांनी माझा हात धरून खाली घेतला आणि त्यांना सांगितलं, तीन. धाकटे दोन मुलगे, आणि थोरली वृंदा.

डोळ्यांना जप. मुलांना आशीर्वाद.
तुझीच,
इंदिरा