सुतावर पारखलेली दुर्बीण

ती. नानाजींच्या चरणी धाकटा जवाई दामोदर याचा नमस्कार. उमरेडला सगळे खुशाल असतील, तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वहिनींनी लपवलेला साखरेचा डबा तुम्हाला सापडला असेल, अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे. (ठीक असतं तर फोन केला असता. पण फोनवर बोलू लागलो की तुमची बहीण स्वयंपाकघरातून माझी वाक्यं दुरुस्त करते.)

शाळेतून निवृत्त झाल्यापासून सुभद्रा दर रविवारी गोरेवाड्याला पक्षी पाहायला जाते. या मंडळींचे पुढारी रामदासपेठेतले एक भैय्याजी आहेत. सडपातळ बांधा, तपकिरी टोपी, आवाज इतका हळू की ऐकायला बायकांना जवळ जावं लागतं. नानाजी, मी जळतो. तुमच्यापासून काय लपवायचं! घरात पोहे केले तरी 'भैय्याजी म्हणत होते' इथूनच सुरुवात होते. इतक्या वर्षांच्या संसारात माझं एकही वाक्य तिनं असं पाठ केलेलं नाही. भैय्याजींनी तिला स्वर्गीय नर्तक दाखवला, नवरंग दाखवला. मी तिला आजवर जे दाखवलं त्यात अंबाझरीचा तलाव आणि माझ्या मूतखड्याची सोनोग्राफी एवढंच येतं. त्यात तिनं त्यांच्या सल्ल्यानं दुर्बीणही घेतली, आठ बाय बेचाळीस. आठ म्हणजे लांबची वस्तू आठपट जवळ दिसते म्हणे.

तेव्हा मी वीसपटाची घ्यायचं ठरवलं आणि सीताबर्डीला एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून बघा. आता आपण विणकराच्या घरातले. माग विकून जमाना झाला, तरी भिंग हाती आलं की आधी कापडावर ठेवून सूत मोजायचं ही खोड काही जात नाही. (तुम्ही मुलगी बघायला गेलात तिथेही तिच्या पदराचं सूत मोजलं होतं, असं वहिनी अजून सांगतात.) मी दुर्बीण सदऱ्याच्या बाहीवर धरली. सगळं धूसर. उलटी करून डोळ्याकडचं भिंग कापडाला टेकवलं, तर काय सांगू! आठच्या दुर्बिणीत सूत सुतासारखं दिसलं, वीसच्या दुर्बिणीत थेट दोरखंड. दुकानदार म्हणाला, "काका, उलटी पकडून राहिले तुम्ही." मी म्हटलं, "माल पारखून राहिलो गा, तू बिल बनव." असा मी निवड करून आलो.

रविवारी तिला हे धूड दाखवायला म्हणून मीही गोरेवाड्याला गेलो. दुर्बीण डोळ्याला लावली की झाड हलायचं. श्वास घेतला तरी हलायचं, धरून ठेवला तर जास्तच. भैय्याजींनी एका झाडाकडे बोट केलं. तिथे ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसली होती आणि नर तिला चोचीनं एकेक फळ भरवत होता. सगळ्यांना दिसलं. मला आधी पानं दिसली, मग आभाळ, मग काहीतरी तपकिरी, गोल आणि भलं मोठं. मी आनंदानं ओरडलो, "दिसला!" ती भैय्याजींची टोपी निघाली. नर तेवढ्यात उडून गेला. भैय्याजी हसले असते तर मी माफ केलं असतं. ते प्रेमानं म्हणाले, "होते असं. वीसपट हातात नाही झेपत, तिपाई लागते." तेही सुभद्रेसमोर.

तेव्हापासून मी सुभद्रेच्याच दुर्बिणीतून पाहतो. ती पट्टा गळ्यातून काढत नाही. मी पाडीन म्हणते. मग मला वाकून, तिच्या गालाला गाल लावून बघावं लागतं, आणि तरी पाहायचा पहिला मान तिचाच. माझी पाळी येईस्तोवर फांदी रिकामी. या वयात बायकोच्या पट्ट्याला लटकलेला नवरा सगळा गोरेवाडा बघतो, नानाजी. हा अपमान मला सोसवत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला जवाई,
दामोदर

ता. क. तुमच्या वैभवला सांगून एक आठ बाय बेचाळीस मागवून द्यावी, पण भैय्याजींच्या दुर्बिणीहून भारी असावी. तुमची भेट म्हणूनच पाठवा, मी मागितली हे सुभद्रेला कळू देऊ नका.

ता. क. २. भैय्याजींबद्दल माझ्या मनात काही नाही. तसली तपकिरी टोपी कुठे मिळते, तेही वैभवला विचारा.

नानाजी, मी सुभद्रा. पाकिटाले गोंद लावाले यायनं मलेच देलं, म्हणून वाचलं. टोपी पाठवून दे. दुर्बीण पाठवू नको. दुसरी आली का हे दूर जाऊन उभे राहतीन. पट्टा मी काय दुर्बीण पडन म्हणून गळ्यात ठेवते काय?