नऊशे तेहतीस

२ जुलै
लागली! इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला सीट लागली. घरात पेढे. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मला प्रयोग करायचेत. नववीत असताना आबांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात एका कॉइलमधून लोहचुंबक सरकवला आणि मीटरचा काटा हलला — तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाही. पण घरी सांगू कसं? बाजीरावमामा आधीच म्हणून बसलाय, "फिजिक्स करून काय, क्लास घेनार व्हय?" आबा गप्प. मामाच्या बोलण्यापेक्षा ते गप्प बसणं जास्त लागतं.

४ जुलै
रजनी मॅडमना गाठलं. बारावीला त्याच फिजिक्स शिकवायच्या. "प्रयोगशाळेतच राहायचंय ना? मग बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. दहा वर्षं धर." दहा! पुण्यात एका कॉलेजात प्रयोगांवर भर असलेली बी.एस्सी. आहे म्हणे. बाराच जागा. प्रवेशासाठी प्रॅक्टिकल परीक्षा, नऊ तारखेला. आणि इंजिनिअरिंगची सीट बारा तारखेपर्यंत पक्की करायची.

५ जुलै
कुणालाच सांगितलेलं नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला लंबकावरून गुरुत्वाकर्षणाची किंमत काढायची होती. माझी भलतीच आली. मग सगळे करतात तेच केलं — पुस्तकातलं ९८० धरून उलटं गणित मांडलं आणि रीडिंग भरली. तीसपैकी तीस! मॅडमनी माझी जर्नल वर्गात फिरवली. असली मी, आणि म्हणे प्रयोग करणार.

७ जुलै
आबांनी आज तार भरून झालेली अख्खी मोटार उलगडली. म्हटलं, दोनच वेढे कमी आहेत, कुणाला कळणार?

"मला कळलं न्हवं?"

परत पहिल्यापासून भरायला बसले.

९ जुलै
तोच प्रयोग!! तोच लंबक! प्रत्येकाला एक जुनं चावीचं स्टॉपवॉच. ९३३ आलं. परत केलं — ९३१. परत — ९३५. शेजारच्या मुलाच्या कागदावर ९७९. पुढच्या मुलीचं ९८०. खोडरबर हातात होतं, दोन मिनिटांचं काम. नाही जमलं. ९३३ लिहिलं आणि खाली — "का ते कळलं नाही."

संपलं सगळं.

११ जुलै
निकालाचा फोन अजून नाही. आबांना सगळं सांगून टाकलं, बारावीचंसुद्धा. ऐकून म्हणाले, "तवाचं खोटं आन् परवाचं खरं. मग आता रडतीस कशाला?" सीटचं विचारलं तर, "तुझं तू ठरव."

भीती वाटते. म्हटलं, उद्या इंजिनिअरिंगचीच पक्की करू.

"नक्की?"

हो म्हटलं. जेवण गेलं नाही.

१२ जुलै
सीट पक्की करायला वराळ्याहून आबांच्या स्कूटरवर निघालो. सोमाटणे फाट्यावर फोन वाजला. परीक्षेचे सर! "घड्याळं आम्हीच पुढे पळणारी ठेवली होती. खरं मोजलं तर ९८० येणारच नव्हतं. पस्तीसपैकी एकोणतीस जणांनी तेच लिहिलं. तू सोमवारी प्रवेश घ्यायला ये."

आबांना सांगितलं. त्यांनी इंडिकेटर लावला आणि गाडी घराकडे वळवली.