पायातली कडी

३ मार्च १९७३
अंबाजोगाईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि पहिल्याच सुट्टीत नेकनूरजवळच्या या तलावावर आलो. काठावरची मच्छीमार सोसायटीची खोली लगेच मिळाली. दुष्काळात मासेच नाहीत, तर खोली हवी कुणाला! चिखलात टिलव्याएवढा, म्हणजे चिमणीहून जरासाच मोठा, एक पक्षी दिसला, पण चोच टोकाला चमच्यासारखी. समुद्रकाठचा हा दुर्मीळ पाहुणा बीडला कसा? पायात कडीही चमकली. परदेशात कुणीतरी अभ्यासासाठी अडकवली असणार. तिच्यावरचा नंबर वाचला की पक्का पुरावा. आनंदानं जेवण सुचेना.

६ मार्च
सहकारी कारखान्याची मोटार दिवसभर तलाव उपसते. पाणी मागे सरकतं तशा गावच्या बायका घागरी घेऊन चिखलात आणखी आत जातात. मला पाणी आणून देणारी भिवराबाई आज मांडीपर्यंत रुतली. नंबर मिळाला तर पक्ष्याच्या नावावर कलेक्टरकडून मोटार बंद करवीन म्हणालो. मोटारीवरचा शहादेव हसला. म्हणे, "चिमणीपायी कारखाना बंद ठिवायचा व्हय, सर?" डोकंच सणकलं. माणसांना घोट नाही आणि साखरेला तलाव!

८ मार्च
पक्षी जवळ आला. कडीवर नंबर नाही. ते चांदीचं जोडवं आहे, सवाष्णीच्या पायातलं. भिवराबाईला दुर्बीण दिली. बघितलं आणि तिनं दुर्बीण माझ्याकडे ढकलली. "माज्या सुनंचं हाय."
सून गेल्या महिन्यात पाण्याला गेली ती चिखलातच राहिली. कारखान्याच्या लोकांनी गावभर केलं, नवऱ्याशी भांडून पळाली. हरामखोर!

९ मार्च
कारखान्यावर जाऊन भांडलो. हाकलून दिलं.
पक्षी चालतो तिथे मागे ठसे उमटतात. पक्ष्याचे नाहीत. बाईच्या अनवाणी पावलांचे.

१० मार्च
भिवराबाई गेली. छातीपर्यंत रुतली होती, ओरडत होती. शहादेवकडे दोर होता. मोटारीचा आहे, देता येत नाही म्हणाला. मी हिसकावून धावलो, तोवर वर नुसती घागर.
मोटार चालूच.

११ मार्च
दोन पक्षी. दुसऱ्याच्या पायात काही नाही. भिवराबाई विधवा होती —

दुपार. खोलीच्या खिडकीतून दिसतंय, शहादेव मोटारीपाशी विडी ओढतोय, पाठमोरा. दोघी त्याच्याकडे चालल्यात — कोरड्या बांधावर ओले ठसे — मागोमाग चिखल चढतोय — त्याच्या घोट्याशी —

हाक मारली तर वाचेल. मारत नाही.

कंबरेपर्यंत. ओरडतोय, सर, दोर फेका. दोर इथं माझ्या पायाशी पडलाय. पडू दे —

गेला. मोटार बंद.

दोघींनी माना वळवल्या. खिडकीकडे. माझ्याकडे का? मी तर तुमच्याच बाजू