हातमोजे काढायचा कायदा

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबरेनं दगा दिल्यापासून तो हल्ली मी कागदावरच घालतो. तू तिकडे पूर्ण झाला असं धरावंस.) काकांनाही नमस्कार सांग, जरा मोठ्यानं सांग. त्यांचं कानाचं मशीन मागच्या खेपेला साखरेच्या डब्यात सापडलं होतं, तेव्हापासून त्यांच्या कानाची चौकशी करावी की तुझ्या साखरेची, हे मला कळेनासं झालं आहे. दोन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. ही बरी आहे, चिरंजीव अभ्यास सोडून सगळं मन लावून करतात, आणि लोकांनी मला निवडून दिल्यापासून घरात माझं कुणी ऐकत नाही. आधीही ऐकत नव्हते, पण तेव्हा निदान ‘बाहेर तरी कोण ऐकतंय’ असं म्हणता येत होतं.

तुझं पत्र मिळालं. आपल्या धाकटीला त्या जंतूंच्या प्रयोगशाळेतून काढून कुठेतरी पंख्याखाली, फायलींच्या टेबलावर बसवावं, असं तू लिहिलं आहेस. भाचा निवडून आला त्याचा घरच्यांना उपयोग काय, असंही लिहिलं आहेस, आणि ते वाक्य काकांनी सांगितलं म्हणून लिहिलं असं खाली जोडलं आहेस. मावशी, काका इतकं लांब वाक्य बोलत नाहीत. तरी तुझी काळजी मला कळते. आपली पोर आतल्या बंद खोलीत, पांढऱ्या पोशाखात, ज्यांची नावंही उच्चारता येत नाहीत अशा जंतूंबरोबर दिवस काढते हे ऐकून कुठल्या आईला झोप लागेल? त्यात मागे तिच्या हातमोज्याला बारीकशी चीर गेली, तिनं स्वतःच घंटा दाबून ते वर कळवलं, खोली बंद झाली, तिला वेगळं ठेवलं, तपासण्या झाल्या, आणि ती ठणठणीत बाहेर आली. इथवर सगळं ठीक. पण कायद्यात कलम आहे की ज्याच्या हातून असा प्रकार घडेल त्याला कामावरून दूर करून चौकशी करावी आणि दोष दिसला तर नोकरीवरून काढावं. म्हणून तिची चौकशी चालू आहे, आतली खोली तिला बंद आहे, आणि तोवर नवख्यांना हातमोजे घालायला-काढायला शिकवायचं काम तिला दिलं आहे. तू म्हणतेस तशी ती ‘अडकून’ पडली आहे खरी.

आता याच कायद्याचा फेरविचार करायला सभागृहानं समिती नेमली आणि तिच्यात मला घातलं. मी रस्त्यांची समिती मागितली होती. (रस्ते मला समजतात. खड्डा दिसतो, बुजवला की दिसत नाही, पाऊस पडला की पुन्हा दिसतो.) पण आमच्या नेत्यांनी विचारलं, तुमच्या घरात कुणीतरी शास्त्रज्ञ आहे ना? मी छाती फुगवून हो म्हटलं, आणि तिथंच फसलो. पहिल्याच बैठकीत मी उभं राहून सांगितलं की माझी मावसबहीण तिथं कामाला आहे आणि तिच्यावर चौकशी चालू आहे. हे सांगणं माझं कर्तव्य होतं. आमच्या अध्यक्षबाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आम्ही सगळे त्यांना हेडबाईच म्हणतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला: त्या कलमावर तुम्ही बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, आणि चेहराही करायचा नाही. म्हणजे ज्या कारणासाठी मला घेतलं त्याच कारणासाठी मला गप्प बसवलं. एवढ्या चटकन तर आमची ही सुद्धा मला गप्प बसवत नाही.

बैठकांचं काय सांगू? धोकादायक जंतू म्हणजे कोण, इथूनच मतभेद सुरू झाले. एका सभासदाचं म्हणणं पडलं की त्यांच्या भागातले डास यादीत घालावेत. त्यांना शांतपणे समजावण्यात आलं की डास जंतू नाही. त्यावर ते म्हणाले की मग जंतूंना एवढा मान का, चावतो तर डास. दुसऱ्यानं प्रयोगशाळेभोवती उंच भिंत बांधायची सूचना केली, आणि भिंत कशाला लागते हे विचारल्यावर बांधकामाचा ठेका या विषयावर बरंच बोलले. आमचे वकीलसाहेब (समितीतले दुसरे शहाणे, पहिल्या हेडबाई) यांनी प्रश्न काढला की जंतू निसटला तर तो हेतुपुरस्सर निसटला की अपघातानं, हे कसं ठरवायचं. शास्त्रज्ञ मंडळी एकमेकांकडे पाहत राहिली. मी चेहरा करणार होतो, पण बंदी आठवली.

खरं घोडं अडलं ते धाकटीच्या कलमापाशीच. शास्त्रज्ञांचं म्हणणं, चूक कळवणाऱ्याला शिक्षा केलीत तर पुढचा माणूस कळवणारच नाही. हेडबाईंचं म्हणणं, शिक्षेशिवाय शिस्त नाही, आणि हे त्या तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगत आहेत. मतं मोजली तर बरोबर निम्मी इकडे, निम्मी तिकडे, आणि मधे मी, ज्याला मतच नाही. पोरीची नोकरी डोळ्यांसमोर टांगलेली आणि मी हाताची घडी घालून बसलेला! मावशी, त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. (नंतर जेवलो, पण मन नव्हतं.)

शेवटी ठरलं की प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहून यावी. पाहणी म्हटली की आम्हा लोकांना उत्साह येतो, कारण तिथं चहा असतो. तर दारातच आम्हाला अडवलं. आत पाऊल टाकण्याआधी प्रत्येक पाहुण्यानं शिकवणी पुरी केली पाहिजे असा नियम निघाला. वकीलसाहेब तावातावानं म्हणाले, हा नियम कुणी केला? तिथल्या माणसानं कायद्याचं पान उघडून दाखवलं. नियम आम्हीच केला होता. मग आम्हा सगळ्यांना शिकवणीच्या खोलीत नेलं, आणि समोर शिकवायला कोण उभी, तर आपली धाकटी. मला पाहून तिनं ओळख दाखवली नाही. सगळ्यांना ‘या, बसा’ म्हणाली तेवढंच मलाही म्हणाली, आणि मी दंडाला चिमटा काढून घेतला की आपण चेहरा करायचा नाही.

शिकवणी साधी होती. प्रत्येकासमोर एक नळी, तिच्यात दुधट पाणी. त्या पाण्यात एक निरुपद्रवी पावडर मिसळलेली, जी साध्या उजेडात दिसत नाही, निळ्या दिव्याखाली मात्र चमकते. त्या पाण्याला जंतू समजायचं. हातमोजे घालून ते एका नळीतून दुसरीत ओतायचं आणि मग हातमोजे असे काढायचे की बाहेरची बाजू कातडीला लागता कामा नये. घालणं सोपं, काढणं म्हणजे महाकर्मकठीण. धाकटीनं मोजा मनगटापाशी चिमटीत धरून, उलटा करत, मुठीत गोळा करून असा काही काढून दाखवला की जणू भेंडी चिरतेय. मी प्रयत्न केला तर माझा मोजा निम्म्यात अडकला. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि धाकटीची पाठ वळताच दातानं ओढला. (हे हिला सांगू नकोस. ती म्हणेल, पायमोजेही तसेच काढता.)

मग धाकटी निळा दिवा आणायला शेजारच्या खोलीत गेली. तेवढ्यात हेडबाईंनी पर्स उघडून सगळ्यांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटल्या. त्या खोलीत खायचं-प्यायचं नाही असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पण खुद्द हेडबाई देतायत म्हटल्यावर नको म्हणायची कुणाची टाप आहे? डासवाल्यांनी दोन घेतल्या.

खोलीतले दिवे बंद झाले, निळा दिवा लागला, आणि मावशी, आमची अख्खी समिती उजळून निघाली! वकीलसाहेबांचे दोन्ही कान चमकत होते, कारण मधेच त्यांनी फोन घेतला होता. भिंतवाल्यांच्या टकलावर पाच बोटं उमटली होती. आणि प्रत्येकाचे ओठ, एकजात सगळ्यांचे ओठ, लखलखत होते. असं वाटावं की लहान मुलं चोरून लोणी खाऊन आली आहेत. धाकटी हसली नाही. तिनं दिवा हळूहळू फिरवत माग काढला: ओठांवरून गोळ्या, गोळ्यांवरून पर्स, पर्समध्ये एक हातरुमाल, आणि हातरुमालावरून टेबलाच्या कडेला पुसलेला एक ओघळ. कुणाच्या तरी हातून नळी कलंडली होती आणि सांडलेलं कुणीतरी गुपचूप पुसून टाकलं होतं. पर्स कुणाची हे सगळ्यांना दिसत होतं. तरी धाकटीनं बोट दाखवलं नाही. तिनं फक्त विचारलं, “कुणाच्या हातून सांडलं?”

वकीलसाहेब पुटपुटले की हा प्रश्न कुठल्या कलमाखाली विचारला जातोय. कुणी हसलं नाही. ज्यांनी याच कायद्यात लपवाछपवीला तुरुंग लिहिला होता ते सगळे अंधारात ओठ मिटून बसले होते, म्हणजे निदान चमक तरी कमी दिसावी.

मग हेडबाई म्हणाल्या, “माझ्या.” पर्स मिटून म्हणाल्या, “आणि मी सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली. इथं मला कोण काढून टाकणार होतं? नुसती लाजच.” मग त्या जे बोलल्या ते मी तुला जसंच्या तसं लिहितो. म्हणाल्या, “शाळेत काच फुटली की मी विचारायची, कुणी फोडली? हात वर केला की आधी छडी. पुढे पुढे हात वर येईनासे झाले. मला वाटायचं, मुलांना शिस्त लागली.” मग त्यांनी धाकटीला विचारलं, “घंटा दाबताना तुला भीती नाही वाटली?” धाकटी म्हणाली, “खूप वाटली. पण मागून त्याच खोलीत माझ्याबरोबरची माणसं जाणार होती ना.”

मावशी, तेव्हा अंधार होता, म्हणून मला वाटलं आता चेहरा करायला हरकत नाही. तो मी केला, अगदी मनापासून केला. पण मोजा दातानं ओढलेला असल्यामुळे माझं हसू तेवढं अंधारात लख्ख दिसलं. हेडबाई म्हणाल्या, “दिसतंय मला. मिटा.”

पुढच्या बैठकीत ते कलम मताला आलं तेव्हा नियमाप्रमाणे मला बाहेर काढलं. मी बाकावर बसून राहिलो. शिपाईदादांनी चहा दिला, तो मी गार केला. दार उघडलं आणि हेडबाई स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, “झालं.” नवं कलम असं की चूक तत्काळ कळवेल त्याला शिक्षा नाही, लपवेल त्याला आहे. आणि वकीलसाहेबांनी (ज्यांना मी या पत्रात वर जे काही म्हटलं ते सगळं मागे घेतो) स्वतःहून एक ओळ जोडली, की चालू असलेल्या चौकशांनाही हेच लागू. आता ते सभागृहापुढे जाईल. तिथंही मला मत नाही, पण आता मतं कमी पडतील असं वाटत नाही. आमच्या ओठांची गोष्ट इतकी पसरली आहे की विरोधी बाकांवरचे लोकही शिकवणीला नाव नोंदवतायत.

तुझ्या कामाचं म्हणशील तर, पंख्याखालच्या टेबलाबद्दल माझे प्रयत्न चालू आहेत. बाकी क्षेम. तुझा लोभ आहे हे मला माहीत आहे, हे पत्र वाचून संपल्यावरही तो शिल्लक असावा ही विनंती.

तुझा भाचा

ता. क. प्रयत्न चालू नाहीत. मी कुणाकडे शब्द टाकलेला नाही आणि टाकणारही नाही. धाकटीला मात्र विचारलं, फायलींचं टेबल हवं का. ती म्हणाली, दादा, पुन्हा विचारलंस तर तुझ्या दातांबद्दल वहिनीला सांगेन. कलम मंजूर झालं की ती आतल्या खोलीत परत जाणार आहे. तिनं ठरवलं आहे, आणि ते तुला सांगायचं काम माझ्या गळ्यात मारलं आहे.

ता. क. दुसरा, आणि पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं. त्या दिवशी परत निघताना मी तिला विचारलं, घरी फोन का करत नाहीस? ती म्हणाली, वेगळं ठेवलं होतं तेव्हा केला होता, तर आई म्हणाली, “गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?” मावशी, तू ते काळजीपोटी म्हणालीस, मला पक्कं ठाऊक आहे, मीही कदाचित तेच म्हणालो असतो. पण तिला चौकशीचं एवढं लागलेलं नाही जेवढं ते लागलं आहे. म्हणून तू तिला फोन कर. नोकरीचं काढू नकोस, लग्नाचं तर मुळीच काढू नकोस. “सांगितलंस ते बरं केलंस,” एवढंच म्हण. सभागृहात लोक हात वर करून तेच म्हणणार आहेत, पण त्यांच्याकडून ऐकण्याची तिला काही फारशी ओढ नाही.