अल्पेशभाईच्या डोक्यावरचं घर

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी ९.१०

आजपासून सगळं लिहून ठेवणार. बदला घ्यायचा तर नोंदी पक्क्या पाहिजेत. ही वही कोणी वाचायची नाही. बायकोने तर नाहीच.

प्रकरण असं. मी चंदर, वय ३६, मॉलमध्ये एसी मेंटेनन्सचा सुपरवायझर. मूळ मनोरीचा कोळी, सध्या बोरिवली वेस्टला भाड्याने. (सगळं नीट लिहितोय. उद्या कोर्टात लागलं तर.) घरमालक अल्पेशभाई याच बिल्डिंगमध्ये ४०१ ला राहतो. आम्हाला १०३ दिलाय. सहा वर्षं झाली, भाड्याची एक तारीख कधी चुकली नाही. पाच-सात वेळा चुकली असेल.

काल त्याचा व्हॉइस मेसेज आला. मी प्लांट रूममध्ये, चिलर चालू, फोन कानात खुपसून ऐकला. चंदरभाई, ३१ मार्चपर्यंत घर खाली करून द्या, वास... आणि पुढे नुसती घरघर. तेवढं पुरलं. वास! म्हणजे आमच्या बोंबलाचा वास. सहा वर्षं नाक काय गहाण ठेवलं होतं? मेसेज तिथल्या तिथे डिलीट केला. असली घाण फोनमध्ये ठेवत नाही.

प्रतिज्ञा: याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट विकत घेणार. ५०१ विकायला आहे. बरोब्बर अल्पेशभाईच्या डोक्यावर. रोज सकाळी सहाला खलबत्त्यात मसाला कुटणार. रविवारी बोंबील. खिडक्या सताड उघड्या.

३ फेब्रुवारी

कल्पिताला प्रतिज्ञा सांगितली. तिने विचारलं, पैसे? मी म्हटलं, लोन. ती म्हणाली, तुला कोण देणार? शिक्षा म्हणून तिच्याशी तीन तास बोललो नाही. तेवढ्या वेळात तिने दोन ब्लाउज शिवून संपवले आणि वर म्हणाली की आज कसं निवांत काम झालं.

५ फेब्रुवारी. लंच टाइम

प्री-अप्रूव्हल नावाचं हत्यार सापडलं. घर बघायच्या आधीच बँक लिहून देते, या माणसाला आम्ही एवढं लोन द्यायला तयार आहोत. मग विकणारा आपल्याला खुर्ची देतो. मोबाईलवर कॅल्क्युलेटर असतो. पगार टाकला, ओव्हरटाइम टाकला, दिवाळीचा बोनस बारा महिन्यांचा धरला, कल्पिताचं शिवणकाम टाकलं, आणि पुढच्या वर्षी होणारं प्रमोशन. उत्तर आलं ७१ लाख. ५०१ चा भाव एक कोटी पंधरा. म्हणजे निम्म्याच्या वर काम झालं. वॉचमनला सांगून टाकलं की लवकरच मला ‘मेंबर’ म्हणायची सवय कर.

८ फेब्रुवारी, शनिवार

अर्धा दिवस रजा टाकून बँकेत गेलो. बंद. दुसरा शनिवार. आधी कळवायला नको? बँकेचं नाव यादीत घेतलं. (यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. पहिला अल्पेशभाई, दुसरा चिलर कंपनीचा मॅनेजर, तिसरी बँक.)

१० फेब्रुवारी

लोनच्या टेबलावर नमिता मॅडम. वय सव्वीस-सत्तावीस, काचेची केबिन, मागे हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर. पहिलंच घर का, असं विचारलं. मी म्हटलं पहिलं, पण शेवटचं नाही. त्यांनी नुसती ‘पहिलं’वर टिक केली.

तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म सोळा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पॅन, आधार. बोनस बारा महिन्यांचा धरत नाहीत म्हणाल्या. प्रमोशन तर धरतच नाहीत. मी म्हटलं, विश्वास नावाची काही गोष्ट असते. त्या म्हणाल्या, हो, त्यालाच आम्ही सिबिल म्हणतो. आता माझ्या जुन्या उधारीचा रिपोर्ट काढतील. निघताना पाणी विचारलं. चहा नाही.

१७ फेब्रुवारी. दुपारी ४

स्कोर ५८९. नऊशेपैकी. म्हणजे फर्स्ट क्लास! पेढे घ्यायचे का या विचारात होतो, तर नमिता मॅडम म्हणाल्या साडेसातशेच्या खाली फाइल वर जातच नाही.

मग रिपोर्टमधलं एकेक वाचून दाखवायला लागल्या. हळू आवाजात, डॉक्टर वाचतात तसं.

२०१९ चा फ्रिज, शेवटचे चार हप्ते थकीत. थकीत नाही, मॅडम! तो बदला होता. फ्रिजमध्ये बर्फ जमत नव्हता. मी स्वतः कुलिंगमधला माणूस, मला फसवतात? दुकानदाराला धडा शिकवायला हप्ते बंद केले. मॅडम म्हणाल्या, दुकानदाराला पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे मिळाले होते, हप्ते फायनान्सवाल्यांचे होते. सहा वर्षं मी भलत्याच माणसाला धडा शिकवत होतो.

दुसरं, क्रेडिट कार्ड. मॉलमध्ये एक पोरगा फुकट फुकट म्हणून गळ्यात मारून गेला. वर्षाने फी लावली ४९९. मी कार्डाचे कात्रीने सोळा तुकडे केले आणि त्यांच्याच बँकेच्या कचरापेटीत टाकून आलो. माझ्या आयुष्यातला सर्वात झकास क्षण. मॅडम म्हणाल्या, कार्ड कापलं तरी खातं चालू राहतं. ४९९ चे आता अकरा हजार झालेत.

मी म्हटलं, तुमच्या रिपोर्टात स्वाभिमानाचा कॉलम नाही वाटतं. त्या म्हणाल्या, नाही.

नमिता मॅडम: यादीत चौथी.

१८ फेब्रुवारी

बदला सुरू. एकाच बँकेच्या पाया कशाला पडू? दिवसभरात मोबाईलवरून नऊ ठिकाणी लोनचा अर्ज टाकला. आता या नऊ जणांत मारामारी होऊ दे. नमिता मॅडम स्वतः फोन करेल. मी उचलणार नाही. दुसऱ्यांदा केला तर उचलेन.

२१ फेब्रुवारी

नऊच्या नऊ नकार. शिवाय कळलं की प्रत्येक अर्जाला स्कोर थोडा उतरतो. आता ५६१.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपार

आई आली. सोनूबाई, वय ५६, मनोरीहून मार्व्याची फेरीबोट पकडून मालाडच्या बाजारात मासे विकते आणि मनोरीच्या कॉटेजवाल्यांना मासे पुरवते. सरंगा घेऊन आली होती. खाली बसून कापत होती, तिला रिपोर्ट दिसला. म्हणाली, मना पण दाव र तो कागद.

मी तिला सोप्या भाषेत सगळं समजावलं. सिबिल म्हणजे काय, प्री-अप्रूव्हल म्हणजे काय, आयटी रिटर्न म्हणजे काय. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, बँक कितीला उघडते? बिचारी. तिच्यासाठी हे सगळं नवीन. डोक्यावरून गेलं असणार.

तिला असंही सांगितलं की ५०१ ला तिच्यासाठी बाल्कनी ठेवणार, सुकट वाळवायला. ती म्हणाली, पाचव्या माळ्यावर माझा गुडघा येल का? मी म्हटलं, लिफ्ट आहे. ती म्हणाली, गुडघा लिफ्टला नाय, तुला भितो.

याचा अर्थ अजून लागलेला नाही.

२ मार्च

कल्पिता चोरून भाड्याच्या जागा बघतेय. मी पकडलं. ठणकावलं की विकत घेणाऱ्याच्या बायकोने भाड्याच्या खोल्या बघणं शोभत नाही. ती मशीनवरून उठली. म्हणाली, माझी सगळी गिऱ्हाइकं या दोन बिल्डिंगांतली आहेत, चंदर. सहा वर्षं एकेक जोडली. इथून गेले तर पुन्हा शून्यापासून. तुझा बदला होईपर्यंत मी मशीन कुठे ठेवू, फुटपाथवर?

चहा करून दिला. साखर विसरलो पण केला.

७ मार्च

जबरदस्त सौदा! कार्डवाल्यांना फोन केला, आवाज चढवला. घाबरले. अकरा हजारांऐवजी साडेपाचमध्ये मिटवतो म्हणाले. फ्रिजवाल्यांनाही तसंच वाकवलं. एका दिवसात दोन शत्रू गारद, अर्ध्या किमतीत. ‘सेटल्ड’ असं सर्टिफिकेट ईमेलवर आलं. प्रिंट काढली, कलर.

१० मार्च

नमिता मॅडमच्या टेबलावर प्रिंट आपटली. हलकेच आपटली, काच आहे. त्यांनी वाचून डोळे मिटले. ‘सेटल्ड’ म्हणजे या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, असा शिक्का. तो वर्षानुवर्षं राहतो. पूर्ण भरले असते तर ‘क्लोज्ड’ झालं असतं. मला विचारायचं तरी होतं ना, म्हणाल्या.

विचारणार कसा? त्या यादीत चौथ्या आहेत.

१६ मार्च, रविवार

आज वाईट झालं.

लिफ्टसमोर अल्पेशभाई भेटला. हसला. मी हसलो नाही, तयारीत होतो. वास येतो ना तुम्हाला, असं तोंडावर विचारलं. तो गोंधळला. तेवढ्यात कल्पिता मागून आली आणि म्हणाली, वास नाही रे, वास्तू! त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय, १०३ तिला द्यायचाय, एप्रिलमध्ये वास्तूची पूजा करायची आहे. मेसेज मलाही आला होता. पूर्ण ऐकला मी.

अल्पेशभाई म्हणाला, चंदरभाई, तुमच्या घरचा वास आला की माझी आई सांगायची, आज रविवार आहे. आता आई नाही, पण रविवार कळतो.

घरी येऊन कल्पिताला विचारलं, दीड महिना सांगितलं का नाही? ती म्हणाली, तू विचारलंस कधी? तू तर नुसती प्रतिज्ञा केलीस.

विचार केला. बदला कॅन्सल करायचा नाही. एकदा घ्यायचा ठरला की कारण दुय्यम. वास्तू तर वास्तू. मुलीला घर देतो म्हणजे काय? माझ्याकडे देण्यासारखं काही नाही हेच दाखवतो ना?

हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. जरा ओढूनताणून वाटतं. राहू दे.

२० मार्च

५०१ विकला गेला. घेणारा कोण माहीत नाही. यादीत ‘५०१ वाला’ म्हणून घेतला.

२५ मार्च. दुपारी १२.३०, बँकेच्या बाहेरच्या बाकावरून

नमिता मॅडमची तक्रार द्यायला आलो होतो. दोन पानी अर्ज, कार्बन कॉपीसकट. काचेतून बघतो तर केबिनमध्ये आई. समोर चहा. बशीत बिस्किटं. बाजूला कल्पिता.

आत घुसलो. नमिता मॅडम म्हणाल्या, अरे, हे तुमचे का? मावशी, तुम्ही बोलला नाहीत! मावशी!!

आईसमोर जाड फाइल. नऊ वर्षांची आयटी रिटर्न. कॉटेजवाले बिलावर पैसे देतात म्हणून मालाडचा सीए भरतो, म्हणाली. डीप फ्रीझरचं लोन घेतलं होतं, एक हप्ता चुकला नाही. स्कोर ८०४. कल्पिताचा ७६२, शिलाई मशीनच्या लोनमुळे. दोघींच्या नावावर ३६ लाखांचं प्री-अप्रूव्हल झालं. आई सत्तरची होईपर्यंत हप्ते, चौदा वर्षं. मालाडला, बाजाराच्या मागे, तळमजल्यावर एक रूम-किचन तिने बघून ठेवलंय. बाकीचे पैसे तिच्या एफडीतून.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, तू मना सगळं समजावत होतास, पोरा. मधी कशी बोलू?

मी म्हटलं, ठीक आहे, तिसरं नाव माझं घाला. नमिता मॅडमनी कल्पिताकडे पाहिलं, कल्पिताने छताकडे. माझं नाव घातलं तर स्कोरमुळे फाइल परत फिरेल. वर, घर फक्त बायकांच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळते. मी आलो की सूट जाते. म्हणजे सरकारी हिशेबात माझ्या नावाची किंमत उणे एक टक्का.

जरा हवा खायला बाहेर आलोय. तक्रार अर्ज खिशातच आहे.

३० मार्च, पाडवा. सकाळी

अल्पेशभाई स्वतः खाली आला. रजिस्ट्रेशन होईपर्यंत राहा, पूजा मेमध्ये करू, म्हणाला. एप्रिलचं भाडं पण घेणार नाही. मी सुडाने देतोच म्हणालो. तो म्हणाला, मग तुमच्या आईच्या हातचा मसाला द्या एक बरणी, सोनूबाईंना विचारा. हा माणूस मला बदला घेऊच देत नाही.

कल्पिताने गिऱ्हाइकांचा ग्रुप केलाय. आठवड्यातून दोन दिवस ती बोरिवलीला येऊन मापं घेणार, कपडे मालाडला शिवणार. अठरा जणी तयार झाल्या. तिने हे मला सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरले होते. मी तिच्या मशीनला तेल घातलं. एवढं मला येतं.

यादीचं पान फाडलं. तसं पूर्ण फाडलं नाही, घडी घातली.

४ एप्रिल. बँकेत

शेवटच्या सह्या. मला पण बोलावलं होतं, आईची पिशवी धरायला. आई एकेक अक्षर दाबून सही करत होती, सोनूबाई, जीभ दातात धरून. मी बघत राहिलो. चौदा पानं. एकदाही हात थांबला नाही.

शेवटच्या फॉर्मवर नमिता मॅडमनी विचारलं, या घरात अर्जदारांशिवाय आणखी कोण राहणार?

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पापलेट ताजं आहे का बघते, तसं.

म्हणाली, हा एक हाय.

नमिता मॅडमनी लिहून घेतलं. इतर: एक.