नवऱ्याला पोटगी

पिंपरी,
३ फेब्रुवारी १९८१

आदरणीय भीमराज मामा,

तुमच्या कस्तुराचा जय भीम. कंबर कशी आहे? मामींचा दमा थंडीत बरा राहिला का? चऱ्होलीची हवा औषधासारखी, असं तुम्ही नेहमी म्हणता. आमच्या इथं कारखान्यांमुळं हवेलाच औषधाचा वास येतो, त्यामुळं आजारी पडायची सोय नाही. आई बरी आहे. मीही बरी आहे (असं लिहायची पद्धत आहे म्हणून).

पत्रास कारण की मला घटस्फोट मिळाला. अशा वेळी नातेवाइकांत पेढे वाटतात की तोंड लपवतात हे आईला कुणी सांगितलं नाही, म्हणून तिनं साखरेचा चहा केला आणि रडली. पण आनंद पुरता घशाखाली उतरायच्या आत बन्सीनं कोर्टात अर्ज टाकला, की मला बायकोकडून पोटगी पाहिजे. मी भर कोर्टात हसले. माझे वकील नानासाहेब (यांची फी मी हप्त्यानं देते, म्हणून तेही मला हप्त्याहप्त्यानं समजावतात) हळूच म्हणाले, "बाई, हसू नका, कायद्यात आहे." नवरा बेकार, पायानं अधू आणि बायको कंपनीत परमनंट असेल तर नवऱ्याला मागता येतं म्हणे. सतरा तारखेला निकाल आहे. अर्ज मंजूर झाला तर दर महिन्याला माझ्या पगारातून त्याचा वाटा जाणार, तो जिवंत असेपर्यंत किंवा त्यानं दुसरं लग्न करेपर्यंत. दुसरं लग्न आता कोण जमवणार म्हणा. तुम्ही मनावर घेतलंत तर वेगळी गोष्ट.

माझं तुम्हीच जमवलं होतं, तेव्हा तक्रार नाही. मामींच्या बहिणीचा मुलगा म्हणजे घरातलाच. आपल्याकडं मुलाचे नाक-डोळे कुणी बघत नाही, कंपनी बघतात. बन्सी बघायला आला तो पोलादी टोकाचे सेफ्टी शूज घालून, आणि येताना कंपनीतून कामगारांना मिळतो तो साबण आणि गूळ घेऊन. तुम्ही खाली वाकून बुटाच्या टोकावर बोटानं टकटक केलंत, आवाज ऐकलात आणि आईला म्हणालात, "परमनंट हाय." झालं, त्या टकटकीवर माझं लग्न लागलं. भोसरीतली मोठी कंपनी, फौंड्री खातं. फौंड्रीत धूर असतो, हा माणूस घरी येतो पांढराशुभ्र, हे माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या बाईच्या लक्षात आलं नाही. मला वाटायचं, अंघोळ करून येत असेल, गुणी आहे.

आणि गुणी होताच. सकाळी सहाला डबा घेऊन जायचा, साडेतीनला परत. पगार सात तारखेला माझ्या हातात. त्यातनं मी त्याला पान-तंबाखूला दहा रुपये द्यायचे आणि तो मान खाली घालून घ्यायचा. शेजारच्या सुमनताई त्यांच्या नवऱ्याला माझ्या नवऱ्याचं उदाहरण द्यायच्या (तो बिचारा अजून माझ्याशी बोलत नाही). लग्नानंतर पहिल्या महिन्यातच बन्सीनं तळवड्याला प्लॉट घ्यायचं काढलं. मी आमच्या कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढून पैसे त्याच्या हाती दिले. एका गुरुवारी सुट्टीला मला प्लॉट दाखवायलाही नेलं. तिथं उभं राहून मी स्वैपाकघर कुठं, मोरी कुठं, दार पूर्वेला की उत्तरेला, सगळं ठरवलं. एवढ्यात बांधावरून एक म्हातारा ओरडला, "ओ पावनं, हरभरा तुडवू नका." बन्सी म्हणाला, हा जुना मालक, अजून ताबा सुटत नाही बिचाऱ्याचा. मला म्हाताऱ्याची दया आली.

तर मामा, ते कर्ज म्हणजेच त्याचा पगार. माझेच पैसे तो महिन्याच्या महिन्याला मोजून मला आणून द्यायचा, आणि त्याच कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून कापला जायचा. अशा रीतीनं मी वर्षभर स्वतःला व्याजानं पोसत होते.

फुटलं ते संपामुळं. भोसरीच्या त्या कंपनीत संप झाला, गेटवर मांडव पडला, आमच्या गल्लीतले कामगार दीड महिना बिनपगारी. आणि आमचा बन्सी रोज सकाळी डबा घेऊन कामावर. सात तारखेला पगार, वर ओव्हरटाइम. मी मूर्ख, मला वाटलं, हा संपफोड्या आहे. लाज वाटली, शेजाऱ्यांच्या घरी चूल पेटेना म्हणून भाकरी वाटायला लागले, पण नवऱ्याला विचारलं नाही. युनियनच्या कोंडीरामनं मात्र विचारलं. साडेतीनला गल्लीच्या तोंडाशी चौघांनी गाठला आणि काठीनं विचारलं. मामा, त्या माणसानं मार खाल्ला. गुडघा फुटेपर्यंत खाल्ला, पण 'मी तुमच्या कंपनीत नाही' हे एवढं एक वाक्य बोलला नाही. गद्दारांच्या फळ्यावर लिहायला कोंडीरामनं हजेरीचा तिकीट नंबर मागितला, तर तोही दिला.

तो नंबर दोन वर्षांपूर्वी भट्टीजवळ मेलेल्या माणसाचा निघाला. बूटही त्याचेच, त्याच्या बायकोनं विकलेले.

दुसऱ्या दिवशी कोंडीराम हात जोडून दारात आला. म्हणाला, "वहिनी, चूक झाली आमची. तुमचा माणूस निर्दोष हाय. तो आमच्या कंपनीतच न्हाई." नवऱ्याला नोकरी नाही ही बातमी मला अशी माफीच्या रूपानं मिळाली. मी त्याला चहा दिला. काय करणार, घरी आलेला माणूस.

आता तोच गुडघा कोर्टात लंगडत येतो. नानासाहेब म्हणतात, तो कुठं काम करून कमावतो असं कुणी शपथेवर सांगितलं तर अर्ज टिकणार नाही. नाहीतर टिकेल. पतपेढीचे हप्ते अजून तीन वर्षं आहेत, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि आता हा. मी जादा पाळ्या मागितल्यात. पॅकिंगला उभं राहून पाय सुजतात, पण माझा पाय कुठल्या अर्जात बसत नाही.

बाकी सर्व क्षेम. मामींना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
कस्तुरा

ता. क. – मागच्या आठवड्यात कोर्टात नानासाहेबांनी बन्सीला विचारलं, खातोस काय? म्हणाला, नातेवाइकांच्या दयेवर जगतो. मी त्याच्या भुवया बघत होते. भुवयांत पीठ होतं. मागच्या गुरुवारी मी चऱ्होलीला आले होते मामा, घरी आले नाही एवढंच. तुमच्या गिरणीसमोर चिंचेखाली उभी होते. तो ज्वारीची पोती उचलत होता, दोन्ही पायांवर. तुम्ही गल्ल्यावर बसून त्याला 'आटप रे' म्हणालात. सतरा तारखेला अकरा वाजता शिवाजीनगर कोर्टात या आणि एवढंच सांगा, की तो तुमच्याकडं कामाला आहे आणि तुम्ही त्याला मजुरी देता. मामी रागावतील, मला माहीत आहे.

आणखी एक. मला बघायला आलात त्या दिवशी बुटावर टकटक करायच्या आधी तुम्ही मला विचारलं होतंत, "कस्तुरे, तुझं परमनंटचं पत्र आलं का गं?" मला वाटलं, मामाला भाचीचं कौतुक. त्या दिवशी त्या खोलीत परमनंट एकच माणूस होतं, आणि बघायचा कार्यक्रम त्याचाच होता, हे मला फार उशिरा कळलं.

पुन्हा ता. क. – उत्तर कंपनीच्या पत्त्यावर पाठवा. घरी आलेलं पत्र आई सुमनताईंकडून वाचून घेते, आणि ती अजून सगळ्यांना सांगत असते, की माझ्या भावाला पण फसवलं हो त्या मेल्यानं.